एका रिकाम्या खुर्चीवर दोघे

डोंगरातल्या किल्यापाम्बा गावाच्या सभागृहातली सगळ्यात चांगली खुर्ची रिकामी असे. कायदाच तसा होता. सभेत एक खुर्ची गावकऱ्यांसाठी मोकळी ठेवायची. ज्याला एखाद्या विषयावर बोलायचं असेल त्यानं नाव नोंदवून तिच्यावर बसायचं आणि त्या विषयापुरतं सदस्यांच्या बरोबरीनं मत द्यायचं. बाकीच्या खुर्च्या सदस्यांनी बसून बसून झिजवल्या होत्या. ही मात्र कुणी न बसल्यामुळे नवीकोरी राहिली होती.

त्या मंगळवारी अनिबाल तिपान सकाळी सातलाच येऊन तिच्यावर बसला. सभा दहाची होती. खालच्या वस्तीचा पूल एका खांबाशी कलला होता आणि तीन महिने त्याच्या दुधाचे कॅन पाठीवरून नदीपार जात होते. पाठ साठ वर्षांची होती आणि तिनं राजीनामा लिहून ठेवला होता. पूल झाला नाही तर दूधधंदा बंद. नगरपालिकेकडे अभियंता एक, कामगारांची टोळी एक. पावसापूर्वी काम एकच होणार. एक तर पुलाची दुरुस्ती, नाहीतर डोंगरावरच्या झऱ्याला कुंपण आणि भोवती देशी झाडं. नगराध्यक्षबाई धरून सहा मतं तीन-तीन अशी फुटली होती. सातवं खुर्चीचं.

दहाला पाच कमी असताना एर्मेलिंदा काइसा आली. वरच्या वस्तीच्या पाणी समितीची ती अध्यक्ष, अनिबालच्या थोरल्या मुलीची धर्ममाता, आणि त्या नात्यानं ती त्याची कोमाद्रे, तो तिचा कोम्पाद्रे. तिनंही नाव नोंदवलं होतं, झऱ्यासाठी.

"उठा, कोम्पाद्रे."

"का म्हणून? तीन तास ऊब दिलीय खुर्चीला."

"कोंबडी बसते ती निदान काहीतरी उबवते."

सभागृह हसलं. सचिवांनी चष्मा पुसून नियम वाचला: एकाच विषयावर दोघांचं म्हणणं वेगळं असेल तर त्यांनी आपसात ठरवून एकच मत द्यावं, जमलं नाही तर दोघांनी खुशाल बोलावं, मत मात्र कुणालाच नाही. म्हणजे जादा मत देऊन बरोबरी फोडायचं काम नगराध्यक्षबाईंवर येणार. निर्णय न घेता बाईंनी दोन निवडणुका जिंकल्या होत्या.

"अर्धा तास घ्या," त्या घाईनं म्हणाल्या. "नाहीतर तास घ्या. सावकाश जेवून या."

बाहेरच्या पायऱ्यांवर एर्मेलिंदानं फडकं सोडलं. उकडलेला मका होता. निम्मा तिनं न विचारता त्याच्यापुढे सारला.

"पूल मिळेल तुम्हाला. शनिवारपासून काम सुरू. नगरपालिकेशिवाय."

"कोण करणार? देवदूत?"

"मिंगा. सगळ्या गावानं फावडी घेऊन यायचं. पूल पहिल्यांदा तसाच तर बांधला, अकरा शनिवारांत. तुम्ही तेव्हा दगड कमी आणि हुकूम जास्त उचललेत."

"आणि लोक येतील?"

तिनं हजेरीची वही काढली. "तीन मिंगा चुकवल्या की नळ बंद. माझ्या नळावर दोन्ही वस्त्यांची दोनशे घरं आहेत. पाद्रीबाबा गेल्या वर्षी दोनदा चुकले. तिसऱ्यांदा सूर्याच्या आधी हजर. पवित्र पाणीसुद्धा नळातूनच येतं."

"मग झऱ्याचंही मिंगानंच करा. मत पुलाला देऊ."

"झाडं लावू हो. पण झऱ्याच्या उतारावर गुरांना बंदी घालायची तर ठराव सभागृहाचाच लागतो."

"कुणाची गुरं?"

एर्मेलिंदा मक्याचे दाणे सोलत राहिली. अनिबालनं प्रश्न मागे घेतला. गुरं त्याचीच होती. उतार गेला तर निम्म्या गाई विकाव्या लागणार होत्या.

"आत सगळ्यांसमोर हे का नाही बोललात?" त्यानं विचारलं. "एका वाक्यात जिंकला असतात."

"धर्मलेकीच्या बापाचं नाव मी चव्हाट्यावर आणू होय? खुरांनी तुडवून झरा करंगळीएवढा उरलाय, कोम्पाद्रे. तुम्ही रोज बघताच."

तो रोज बघत नव्हता. रोज दुसरीकडे बघत होता, आणि त्या कामानं त्याची मान पाठीपेक्षा जास्त दुखत असे. या बाईच्या हट्टाला त्यानं चावडीवर किती नावं ठेवली होती! आणि तिच्या हाती हे एवढं मोठं हत्यार असताना ती त्याला मका वाढत होती.

आत गेल्यावर तिनं त्यालाच खुर्चीवर बसवलं आणि मागे उभी राहिली.

"मत झऱ्याला," अनिबाल म्हणाला.

खालच्या वस्तीचे बाक खवळले.

"अरे, पुलाचं बोलायला पाठवला होता तुला!"

"विकला गेला!"

"कितीला रे विकला गेलास?"

"अर्ध्या फडक्याभर मक्याला," अनिबाल म्हणाला. "चांगला शिजला होता. शनिवारी फावडी घेऊन पुलावर या. येणार नाही त्यानं आंघोळीची सोय नदीत बघावी."

झरा चार, पूल तीन. नगराध्यक्षबाईंनी मोकळा श्वास घेतला. सचिव बंदीचा मसुदा लिहू लागले.

"उतारावर सध्या कुणाची गुरं चरतात? नोंद करावी लागते."

हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. साठ माणसं एकदम छताकडे बघू लागली. एर्मेलिंदाही खिडकीबाहेर काहीतरी शोधत होती.

"माझी," अनिबाल म्हणाला. "लिहा. अकरा."

सचिवांनी लिहिलं.

"थांबा. बारा. काल एक व्यायली."

अकरा खोडून बारा झाले.

"कालवड की गोऱ्हा?" एर्मेलिंदानं खिडकीबाहेर बघतच विचारलं.

सचिव सगळंच लिहीत असत. इतिवृत्तात आजही आहे: कालवड.