दुसरा दंड

चिडलेल्या मुलांना शांत करायचं, हीच एका विशेष शाळेत ताईची नोकरी. आज एका मुलीने तिच्या दंडाचा कडकडून चावा घेतला. ताईने हूं की चूं केलं नाही. खाली फरशीवर बसून, आवाज खाली आणून, ती पाऊण तास पोरीशी बोलत राहिली.

घरी आली तेव्हा अंगात त्राण नव्हतं आणि सगळा धीर शाळेतच संपला होता. लेकीने नुसती पेन्सिल मागितली, तर ही कडाडली, "डोकं नको खाऊस, जा तिकडे!"

लेक हलली नाही. दंडावरचे दातांचे वळ बघत म्हणाली, "जे मूल चावलं, त्यालाही अशीच ओरडलीस?"

"नाही गं. तिच्याशी हळू बोलावं लागतं."

लेकीने जरा विचार केला. मग दुखणार नाही इतपत, अलगद, आईच्या दुसऱ्या दंडावर दात टेकवले.