मालकाचं नाव सांगा

गाडीला स्क्रीन बसवून घेतल्याच्या चौथ्या दिवशी आमचे हे पुन्हा गाडी चालवू लागले. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि त्यांच्या अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता.

मी डाव्या सीटवर होते. माझी जागा तीच. शहाऐंशी साली यांनी ही जर्मन गाडी मुंबईच्या बंदरातून सोडवून कोल्हापूरला आणली, तेव्हा शिरोलीच्या आमच्या फौंड्रीतले सगळे मोल्डर हात पुसत बघायला आले होते. दार लागल्याचा आवाज त्यांना ऐकवण्यासाठी यांनी दार सात वेळा उघडून लावलं. सातही वेळा आत मी बसलेली होते. हे गेल्यावर गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली, पण मी रोज सकाळी चहा झाला की जाऊन थोडा वेळ बसून यायची.

स्क्रीनची कल्पना मुलाची, उन्मेषची. "आई, फोन गाडीला जोडला की मॅप दिसेल, बोलता येईल, आणि तू कुठे आहेस ते मला कळेल," तो म्हणाला. मी गॅरेजमध्ये असते, असं मी सांगितलं. ते त्याला पुरेसं वाटलं नाही.

गाडी उद्यमनगरात इलाही मिस्त्रींकडे नेली. त्यांनी यांच्या हयातीतही तिचं काम केलेलं. कॅसेट प्लेअर उपसून काढल्यावर ते बराच वेळ त्या भोकात बघत राहिले.

"वहिनीसाहेब, हितं हात घाला जरा."

मी हात घातला. आत वारा वाहत होता. गार होता, आणि त्याला आंबोली घाटातल्या ओल्या गवताचा वास होता.

"साहेबांनी काच खाली करून गाडी चालवली, ते वारं आत बसलंय सगळं," मिस्त्री म्हणाले. "काढायला लागणार. त्याशिवाय स्क्रीन बसायची न्हाई."

त्यांनी दोन्ही ओंजळींनी वारा काढला आणि दुकानामागे नेऊन सोडला. दुपारपर्यंत ते काम चाललं. मग स्क्रीन बसली. काच उजळली आणि बँकेत फोन केल्यावर ऐकू येतो तसला एका बाईचा आवाज आला.

"मालकाचं नाव सांगा."

मिस्त्रींनी यांचं नाव सांगितलं. बाई म्हणाली, "हा आवाज घरातला नाही." उन्मेषने सांगितलं. बाई म्हणाली, "हा आवाज डाव्या सीटवरचा नाही."

"गाडी अजून साहेबांच्याच नावावर हाय व्हय?" मिस्त्रींनी विचारलं. "तुमचं नाव लावून घेतलं न्हाई?"

"नाही," मी म्हणाले.

"मग तुम्हालाच नाव घ्यावं लागतंय, वहिनीसाहेब. माझ्या वायरिंगमध्ये काय खोट न्हाई."

घरी जाऊन घेते, असं म्हणून मी वेळ मारून नेली.

मी यांचं नाव जन्मात चार वेळा घेतलं आहे. उखाण्यात गुंडाळून घेतलेलं चालतं, असं आमच्या सासूबाई म्हणत. तरी लग्नातल्या उखाण्यानंतर यांच्या अंगठ्याचं नख गळून पडलं. माप ओलांडताना घेतलं, तेव्हा भुवईचे केस गेले. डोहाळजेवणात घेतलं, तेव्हा दाढ. चौथ्या वेळी उखाणा नव्हता. हॉस्पिटलच्या खिडकीशी एका माणसाने पेशंटचं नाव विचारलं. उन्मेष गाडी लावायला गेला होता, मागे रांग होती, आणि मी सरळ नाव सांगून मोकळी झाले. चारी अक्षरं. तिसऱ्या दिवशी हे गेले. उन्मेषला मी हे कधी सांगितलेलं नाही.

तर चौथ्या दिवशी मी चहा घेऊन गाडीत बसले, दार लावलं, आणि उजवीकडे हे बसले होते. किल्ली फिरवून त्यांनी गाडी बाहेर काढली.

"कुठे जायचं?" मी विचारलं.

"ते आता ही बाई ठरवणार," त्यांनी स्क्रीनकडे हनुवटी केली. "तिच्यात घर लिहिलंय."

आम्ही कावळा नाक्यावरून शाहूपुरीत, तिथून दसरा चौकात आणि तिथून परत ताराबाई पार्कात आलो. घर आलं. फाटकात उन्मेष हातात फोन धरून उभा होता. यांनी ब्रेकवर पाय ठेवला.

"मालकाचं नाव सांगा," बाई म्हणाली.

मी नाव घेतलं नाही, आणि ब्रेक लागला नाही. गाडी फाटकावरून पुढे गेली आणि पुन्हा कावळा नाक्याला लागली.

दुसऱ्या फेरीला रस्ता हातभर अरुंद होता. तिसऱ्या फेरीला शाहूपुरीतल्या दुकानांच्या पायऱ्या चाकांना लागू लागल्या. माणसं सवयीने भिंतीला पाठ लावून उभी होती, एकाने तर पोटाशी धरलेलं किराणा सामान डोक्यावर घेतलं. चौथ्या फेरीला आमच्या घराचं फाटक गाडीच्या आरशापासून दीड हातावर आलं होतं, आणि त्या दीड हातात उन्मेष उभा होता.

त्याचा आवाज स्क्रीनमधून आला. "आई, मॅप म्हणतोय दोन मिनिटांत पोहोचतेस."

"तू बाजूला हो आधी."

"बाजूला कुठे होऊ? तुला हात द्यायला नको का उतरताना?"

"उन्मेष, बाबा चालवतायत."

"बरं," तो म्हणाला. "त्यांना म्हणावं, कोपऱ्यावर खड्डा आहे."

मी उखाणा घेऊन पाहिला. चांदीच्या ताटाचा, जुनाच. नावापर्यंत येण्याआधीच बाई म्हणाली, "फक्त नाव सांगा." मग मी काचेवर बोटाने लिहायला गेले. माझी बोटं कोरडी झाली आहेत, ती काच त्यांना ओळखत नाही. माझ्या बाजूचं दार उघडेना, म्हणून यांच्या बाजूचं ओढून पाहिलं. त्यांच्या मांडीवरून हात नेताना शर्टाची खळ माझ्या मनगटाला घासली. मनगट लाल झालं. म्हणजे हे खरेच होते, नुसते आठवत नव्हते.

"हॉर्न वाजवा," मी म्हणाले.

"वाजतोय. उन्मेषच बाजूला व्हायला तयार नाही. फोनवर दोन मिनिटं दिसतायत ना त्याला." यांनी मान मोकळी केली. "फौंड्रीतली माणसं घरी यायची, तेव्हा मी खुणेने गप्प म्हणायचो आणि तू बोलायचीस. आता बोल म्हणतो, तर गप्प."

"घेतलं तर तुम्ही जाल."

"मागे तू घेतलंस म्हणून गेलो काय मी?"

"मग कशाने गेलात?"

  कोपऱ्यावरचा खड्डा त्यांनी चुकवला.

पाचव्या फेरीला फाटक वीतभरावर होतं. उन्मेष त्या वितीएवढा झाला होता. आरसा त्याच्या शर्टाच्या गुंड्यांना घासून गेला आणि दोन गुंड्या डॅशबोर्डवर येऊन पडल्या. त्याने खाली पाहिलं नाही. स्क्रीनमधून त्याचा श्वास ऐकू येत होता, उथळ, लहानपणी डांग्या खोकल्यात यायचा तसा.

"आई, एक मिनिट," तो म्हणाला.

सहाव्या फेरीला रस्ता इतका उरला होता की दोन्हीकडचे आरसे दुमडून काचांना चिकटले. दसरा चौक एका खोलीएवढा झाला होता. ताराबाई पार्कच्या वळणावर आमचं घर दिसलं, उभ्या पुस्तकाएवढं, आणि त्याच्यासमोर उन्मेष, कडेने पाहिलेल्या कागदासारखा. फाटक आणि गाडी यांच्यामध्ये आता बोटभर फट होती.

"मालकाचं नाव सांगा."

मी पहिलं अक्षर उच्चारलं. यांची करंगळी स्टिअरिंगवरून सुटली आणि मग सबंध हात बाहीतून निघून गेला. बाही तशीच इस्त्रीची राहिली. गाडी थोडी सावकाश झाली.

"हं," हे म्हणाले. "जमतंय की."

दुसऱ्या अक्षराला शर्ट रिकामा झाला. तिसऱ्याला शर्ट गेला. गाडी आता माणसाच्या चालीने जात होती, पण थांबली नव्हती. बंपर फाटकापर्यंत पोहोचला. उन्मेषने फोनवरून मान वर केली, मला पाहिलं आणि मला उतरवून घ्यायला हात पुढे केला.

एक अक्षर राहिलं होतं. ड्रायव्हरच्या सीटवर, जिथे चेहरा असतो तेवढ्या उंचीवर, नुसता यांचा चष्मा उरला होता. तो रस्त्याकडून हळूहळू माझ्याकडे वळला.