हेलेनाचा सासुरवास

फिनलंडचं एक विद्यापीठ आणि आमचं बेळगावचं कॉलेज यांनी मिळून एक अभ्यास काढला. तिकडचं घर आणि निपाणीतलं घर, दोन्हींत जळतं किती, शिजतं किती, वाया जातं किती. निपाणीचा आकडा कमी येणार यात कुणालाच शंका नव्हती, माझी तर पीएचडीच त्यावर उभी होती. मोजायला तिकडून मोडकंतोडकं मराठी शिकून हेलेना आली आणि मी शहाणीनं तिला निपाणीतल्या आमच्याच घरी उतरवलं.

आईनं पहिल्याच दिवशी मटण केलं, तांबडा-पांढरा दोन्ही रस्से. दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या. मग बासुंदी. बाईला उकडतंय म्हणून भाड्यानं कूलर आणला. हेलेना बिचारी इमानदारीनं सगळं मोजत होती, गॅसच्या सिलिंडरसकट.

आठवड्यानं माझ्या गाइडचा, सन्मती सरांचा, फोन आला. "उपासना, तुमचं घर फिनलंडच्या पुढं गेलं की गं! असंच ऱ्हायलं तर ते अभ्यास गुंडाळतील. तुझी पीएचडीबी त्यातच."

मी आईवर उखडले. "रोजचं जेवण कर की!"

"पाव्हणीला आमटी-भाकरी वाढू व्हय? लोक शेण घालतील तोंडात."

"पाव्हणी न्हाय, लेक समज."

लेक म्हटल्यावर आईचे डोळे भरून आले आणि तिनं गुलाबजाम तळायला घेतले. मी कपाळावर हात मारला. "मग सून समज!"

आईनं हेलेनाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ऊठ बाई," ती म्हणाली, "भांडी पडल्यात."

त्या दिवसापासून आमचं घर ताळ्यावर आलं. आमटी, भाकरी, सकाळी फोडणीचा भात. कूलर परत गेला. हेलेना माझ्या वहिनीबरोबर, अक्षराबरोबर, भांडी घासायची, भाकरी थापायची आणि तिची भाकरी बघून आई तिच्या माहेराचा उद्धार करायची. आकडा असा घसरला की मी मनातल्या मनात नावामागं डॉक्टर लावून टाकलं.

शेवटच्या दिवशी ओट्यावर लॅपटॉप ठेवून आम्ही सरांना व्हिडिओ कॉलवर घराचा आणि माणसागणिक निकाल दाखवला. सर हरखले. "ह्या एका माणसाचा आकडा तर लईच कमी. आदर्शच की! कोण हे?"

"अक्षरा वहिनी," हेलेना म्हणाली. "आम्ही दोघी शेवटी जेवतो. तेव्हा कालवण संपलेलं असतं."

वहिनी उगाचच ओटा पुसायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईनं वाकून तो आकडा पाहिला. मग म्हणाली, "मी सून व्हतो तवा माझाबी तेवढाच आला आसता."

त्या संध्याकाळी तिनं परत मटण केलं. पहिलं ताट अक्षरा वहिनीला वाढलं, काठोकाठ, आणि हेलेनाकडं वळून दटावलं, "हे बी लिव्ह. वाढला आकडा तर वाढू दे."