मास्तरांच्या चुका

ऑफिसात तिला सगळे चाळणीबाई म्हणत. ऑफिस तरी कसलं! स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीतलं एक टेबल, दोन स्क्रीन आणि कानाला हेडफोन. घरकर्जाबद्दल सल्ला देणाऱ्या एका कंपनीसाठी ती घरून मॉडेलं तपासायची. कर्जदाराची माहिती घातली की तो हप्ते फेडील की थकवील, याचा अंदाज सांगणारी आकड्यांची लांबलचक पानं. त्यात एखादं सूत्र चुकीचं बसलं असेल, तर तिच्या नजरेतून सुटत नसे.

ती मॉडेलं बांधायचे मास्तर. वयाने मोठे, दूरच्या गावी राहणारे. सात वर्षं दोघं रोज बोलत होती, पण एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. मास्तरांना कॅमेऱ्याचा तिटकारा. "माझा चेहरा बघून आकडे सुधारणार आहेत का?" म्हणायचे. ती नवखी असताना तिच्या हातून मोठा घोळ झाला, तो त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतला होता आणि पुन्हा कधी विषयही काढला नव्हता.

मग एकदा त्यांच्या कामात वर्षाचं व्याज महिन्याचं म्हणून बसलेलं दिसलं. दमले असतील, म्हणत तिने गुपचूप दुरुस्त केलं. पुढच्या महिन्यात चार चुका. नंतर एकच फाइल दोनदा आली, आणि दोन्ही वेळा "ही नवीन बरं का!" ती निस्तरत राहिली. एकदा आईजवळ बोलली.

"झाकली मूठ सव्वा लाखाची खरी," आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "पण मूठ दुसऱ्याची आहे, बाई. आत काय आहे ते त्याला तरी ठाऊक आहे का?"

पाचव्या महिन्यात एका रकान्यातली माहिती ओळभर खाली सरकली. एकाचे थकलेले हप्ते दुसऱ्याच्या नावावर! तसंच पुढे गेलं असतं, तर नेमाने पैसे भरणाऱ्या शेकडो लोकांच्या दारात नोटिसा गेल्या असत्या. फाइल जायच्या तासभर आधी तिला ते दिसलं. तिने फोन लावला.

"मास्तर, ओळ सरकलीय."

"कसली ओळ?" ते म्हणाले. "आपण कोण?"

"मी, चाळणी."

"हां हां, बोला की!" ते हसले, पण हसू उशिरा आलं.

त्याच दुपारी तिने साहेबांना सगळं लिहून कळवलं, आपण चुका झाकल्या हेसुद्धा. पंधरवड्यात मास्तरांचं काम बंद झालं. साहेबांनी तिलाही खडसावलं. त्याचं तिला काहीच वाटलं नाही.

शनिवारी ती बसने त्यांच्या गावी गेली. त्यांच्या पत्नीने दार उघडलं. खुर्चीत एक बारकेसे गृहस्थ बसले होते, स्वेटरची बटणं वरखाली लागलेली. तिने विचारपूस केली तसे ते वळले.

"आवाज ओळखीचा आहे," म्हणाले, "माणूस नाही." आणि खिडकीकडे बघू लागले.

"घरात काही कळलंच नाही हो," काकू सांगू लागल्या. "मुळात अबोल माणूस. डॉक्टर म्हणाले, चार-पाच महिने आधी आणलं असतं तर औषधाने थोडं लांबवता आलं असतं. पण आम्हाला कसं समजणार? दिवसभर आपले त्या कामात."

तिला मान हलवून गप्प बसता आलं असतं.

"काकू, मला दिसलं होतं," ती म्हणाली. "पाच महिने. मी चुका झाकत राहिले. वाटलं, त्यांची अब्रू राखतेय."

काकूंनी हातातला पेला खाली ठेवला. "त्यांना विचारायचं तरी," त्या म्हणाल्या. "नाहीतर मला." मग उठून आत गेल्या, त्या बाहेर आल्याच नाहीत. तासाभराने बाहेर पडताना तिने आपल्या हाताने दार ओढून घेतलं.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा गेली. त्याच्या पुढच्याही. काकू दार उघडत, बाजूला होत, बोलत नसत. ती मास्तरांना पेपर वाचून दाखवी. चौथ्या खेपेला काकूंनी तिच्यापुढे चहाचा कप ठेवला.

"अर्धा तास बसाल? औषधं आणायची आहेत."

ती बसली. वाचता वाचता मास्तरांना डुलकी लागली. काकू दीड तासाने परतल्या, डोळे रडून सुजलेले. उशीर का झाला ते त्यांनी सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.