वाळूचं पातेलं

माझी मान ताठ म्हणून लहानपणापासून बोलणी खाल्ली. एवढा कसला तोरा, असं आई विचारायची. दादाला मात्र तीच मान हवी होती.

दादा दरबारचा चित्रकार. नुकत्याच गादीवर आलेल्या राणीसाहेबांचं उभं चित्र त्याला करायचं होतं. त्या फक्त चेहऱ्यापुरता वेळ देणार. बाकी अंगासाठी त्यांचा मखमली झगा घालून मी उभी राहायचं, असं ठरलं. उंची सारखीच होती. मुकुट मात्र त्यांच्याशिवाय कुणाच्या डोक्यावर जात नाही. म्हणून दादाने पितळी पातेलं वाळूने भरून माझ्या डोक्यावर ठेवलं. वजनाखाली मानेच्या शिरा कशा दिसतात ते त्याला बघायचं होतं. पाय भरून यायचे, मी दादाला मनातल्या मनात शिव्या घालायची, पण पातेलं एकदाही पडू दिलं नाही.

चित्र झकास उतरलं. चेहरा अजून कोरा होता, तरी रंग खलणारा माणूस चित्रासमोर आपोआप हळू बोलायचा.

मग राणीसाहेब आल्या, आणि सोबत कारभार पाहणारे त्यांचे काका. राणीसाहेब बसल्या त्या हनुवटी छातीला टेकवूनच. तो चेहरा त्या मानेवर काही केल्या बसेना. काका म्हणाले, मानच झुकवून टाका, कारभाराला आम्ही आहोतच. दादा मुकाट्याने रंग खरवडायची सुरी शोधू लागला.

माझं डोकं फिरलं. एक तर मान माझी. आणि ही पोर चित्रात अशी खाली बघत दरबारात टांगली गेली असती, तर राज्य कोणाचं हे परदेशी दूतांना विचारावंही लागलं नसतं.

"मान वर घ्या, राणीसाहेब," मी म्हणाले.

"मुकुट फार जड आहे," त्या पुटपुटल्या. "पडेल अशी भीती वाटते."

"खाली बघितलं की पडतोच." मी कोपऱ्यातलं पातेलं आणलं. "आधी हे घ्या. पडलं तर वाळूच सांडेल."

काका उठले. राणीसाहेबांनी हाताने त्यांना थांबवलं आणि स्वतःच मुकुट उतरवून पातेलं डोक्यावर घेतलं. पहिल्यांदा वाळू सांडली, पुन्हा सांडली. मग त्या सरळ समोर बघत उभ्या राहिल्या आणि दादा रंगवतच सुटला.

चित्र दरबारात लागलं. तिथली रीत अशी, की चित्रापुढेही राणीपुढे झुकतात तसंच झुकायचं. दूत झुकले, सरदार झुकले, काकाही झुकले. माझी पाळी आली तेव्हा दादाने कोपराने ढोसलं. मी ताठच राहिले. स्वतःच्याच मानेपुढे कोण झुकतं?

पहारेकरी पुढे आला. सिंहासनावरून राणीसाहेबांनी नुसतं बोट हलवून त्याला मागे फिरवलं. त्यांची मान तसूभरही हलली नाही.

आई माझ्या शेजारी होती. तिने चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अशीच राहा," ती म्हणाली.