पिवळं पाणी

माझा स्वभाव तापट आहे, हे आमच्या जलशुद्धीकरण केंद्रात सगळ्यांना ठाऊक. सोमवारी जंतू मारणाऱ्या अतिनील दिव्यांचा, प्रकाश कमी पडला की वाजणारा अलार्म सारखा कोकलायला लागला, तेव्हा मीच त्याची मर्यादा खाली आणली आणि त्याचं तोंड बंद केलं. पाणी गढूळ थोडंच होतं? धरणात कुजलेल्या पाल्याचा अर्क उतरून जरासं पिवळं झालेलं, एवढंच.

गुरुवारी सकाळी प्रयोगशाळेतली बाई कागद घेऊन आली. गाळ नसला तरी तो पिवळेपणाच उजेड गिळतोय, म्हणाली. दिवे जळताहेत, पण जंतू मरण्याइतका प्रकाश त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. मग अलार्म कसा वाजला नाही, असं तिनं विचारलं. त्याचं तोंड तर मीच बंद केलं होतं.

तीन दिवस! आणि घरी माझा धाकटा भाऊ, मूत्रपिंड बदलून जेमतेम चार महिने झालेला. ते टिकावं म्हणून गोळ्या देऊन त्याची प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी केलेली. साधा जंतूही त्याच्या जिवावर बेतला असता. त्यात भावजयीला मीच ठणकावलं होतं, पाणी उकळायची नसती थेरं बंद कर, माझे दिवे काय शोभेला लावलेत?

पाणी बंद करावं लागेल, असं साहेबांना फोनवर सांगितलं. दुपारपर्यंत थांबा, लोक बोंबलतील, म्हणाले. बोंबलू देत. मी मुख्य व्हॉल्व्ह बंद केला आणि पाणी उकळून प्या म्हणून गावभर कळवायला त्या बाईला पिटाळलं.

मग भावजयीला फोन लावला. ती आधी घुटमळली. रागावू नका, पण उकळायचं मी थांबवलंच नाही, म्हणाली. माझ्या जिवात जीव आला. कुणी माझं ऐकलं नाही याचा आयुष्यात पहिल्यांदाच आनंद झाला.

"पण ताई," ती हळूच म्हणाली, "हे स्वतः ते उकळलेलं पीतच नाहीत. नळाखाली पेला धरतात. म्हणतात, ताईचं पाणी उकळायचं म्हणजे तिचा अपमान."

मी त्याला फोन द्यायला सांगितलं.

"माझ्या हातून चूक झालीय," मी म्हटलं. "नळाचं पाणी पिऊ नकोस. तयार हो, दवाखान्यात जायचंय."

मी चुकले, असं माझ्या तोंडून त्यानं कधी ऐकलंच नव्हतं.

"बरं झालं सांगितलंस," तो म्हणाला. "कालपासून पोटात कळा येताहेत. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."