साहेबराव आला की सांधे धरतात

बापाच्या चितेगावच्या जमिनीला भाव आला आणि साहेबरावाला बहिणीची माया एकदम उफाळून आली. मागच्या साली संधिवातानं वच्छलाबाईंनी अंथरूण धरलं, तेव्हा या पठ्ठ्यानं साधा फोन केला नव्हता. आता मात्र दर रविवारी चिकलठाण्याला तिच्या घरी हजर! खारी चहात बुडवत लाडीगोडी लावायची, "आक्का, हक्कसोड करून टाक. भावाकडं वाटा मागणारी बहीण चांगली दिसती का?"

सोमवारी बाईंची बोटं टम्म फुगायची. कणीक मळणं दूरच, नळसुद्धा फिरवता यायचा नाही.

सगळ्यांनी वांग्यावर खापर फोडलं. बाईंनी वांगं सोडलं, दही सोडलं, चिंच सोडली. साहेबरावानं कसलंसं घाणेरड्या वासाचं तेल आणून वर अक्कल पाजळली, "गोळ्या बंद कर. लई गरम पडतात."

छावणी भागातल्या दवाखान्यात डॉक्टर सदफनं हात पाहून विचारलं, "मावशी, जास्त कधी दुखतं?"

"सोमवारी."

"आणि रविवारी काय असतं?"

बाई सांगत गेल्या. सांगता सांगता मनगट ठणकायला लागलं.

"आजार तुमचा आहेच, तो भावानं दिला नाही," सदफ म्हणाली. "पण मनावर ताण आला की झोप उडते, अंग आखडतं, सूज उसळते. गोळ्या सोडू नका. आणि वांगं खा खुशाल."

बाईंना स्वतःचीच चीड आली. इतके दिवस त्या या लबाडाला सांज्याच्या पोळ्या करून घालत होत्या!

पुढच्या रविवारी साहेबराव हक्कसोडीचा कागद तयारच करून घेऊन आला. बाईंनी सुजलेला हात पुढं केला. "बघ, पेन धरवत नाय."

"मग अंगठा दे की!" निलाजऱ्यानं खिशातून शाईचं पॅड काढलं आणि तो सुजलेला अंगठा करकचून धरला. बाई किंचाळल्या. तरी सोडेना. "एवढं काय झालं? एक मिनिटाचं काम!"

बाईंनी हिसका देऊन हात सोडवला. डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज खणखणीत निघाला. "हात दिसला नाय तुला, अंगठा तेवढा दिसला. ऊठ! माझा वाटा मी घेणार."

साहेबराव लालबुंद झाला. "मग माहेर तुटलं समज, आक्का!"

"तुटू दे," बाई म्हणाल्या. "तेच तर ठणकत होतं."